लेणे पाहताना

आमच्या जिल्ह्यात भुयारांपेक्षा भुयारे सांगणारी माणसेच पुष्कळ. कोणतीही जुनी गढी घ्या. तिच्या पोटातून एक भुयार निघते, त्यातून घोड्यावर बसलेला शिपाई मान न वाकवता जाऊ शके, आणि ते थेट दौलताबादेस, नाहीतर गेला बाजार पुढल्या गावच्या गढीत उघडते. सांगणाऱ्याच्या आजाने ते पाहिलेले असते आणि बापाच्या वेळी ते बुजलेले असते. आम्ही जिनिंग-प्रेसिंगच्या आणि पुढे खडीच्या कामगारांत हिंडण्यात उमेदीची वर्षे घालवली. त्या निमित्ताने गावोगावच्या ओट्यांवर अशी भुयारे ऐकली. ऐकायला गोड असतात. पण खाणीवर सब्बल मारणाऱ्या माणसाला ती कधी पटत नाहीत. तो एवढेच विचारतो, ‘इतका दगड फोडला कोनं? अन् टाकला कुठं?’

आजचा आमचा विषय या दोन प्रश्नांतच आहे.

बुलढाण्याहून मलकापुराकडे राजूरच्या घाटाने उतरा, किंवा खामगावाकडे बोथ्याच्या घाटाने उतरा. रस्त्यासाठी डोंगर जिथे कापला आहे तिथे त्याचे पोट उघडे दिसते. एक थर काळ्या कठीण पाषाणाचा, त्यावर मुरमासारखा ठिसूळ थर, मधेच एखादा तांबूस पट्टा आणि पुन्हा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळून पातळ तप्त रस बाहेर पडला, पसरला, थिजला. त्यावर काही काळाने दुसरा रस आला. असे थरावर थर बसून आपले दख्खनचे पठार झाले. हा दगड पाण्यात विरघळत नाही, आणि गुहांच्या बाबतीत सगळा फरक इथेच पडतो.

आंध्रात बेलमची गुहा आहे, अरकूच्या डोंगरात बोर्रा गुहा आहेत. तिकीट काढून, गाईडच्या मागून, दिव्यांच्या उजेडात खाली उतरायचे अशी तिथली रीत. बेलमची लांबी ३,२२९ मीटर मोजली गेली असून त्यातला सुमारे निम्मा भाग लोकांना पाहता येतो. ही गुहा कोणी खोदलेली नाही. ती चुनखडीची आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते, चुनखडीच्या भेगांत शिरते आणि दगड कणाकणाने विरघळवून नेते. लाखो वर्षांत भेगेची वाट होते, वाटेचे दालन होते. तेच पाणी छतावरून टिपकताना चुना मागे ठेवते. म्हणून वरून लोंबणारे आणि खालून वाढणारे लवणस्तंभ तयार होतात. ते काम पाण्याचे आहे आणि पाण्याला घाई नसते.

आपल्या काळ्या पाषाणात ही सोय नाही. कपारी असतात, ठिसूळ थर झिजून वरच्या कठीण थराखाली पडलेले आडोसे असतात, क्वचित रस वाहून गेल्यावर राहिलेली पोकळी असते. पण प्रशस्त, चौकोनी, खांबांचे दालन डोंगरात दिसले की समजावे, हे माणसाने केले. म्हणूनच मराठीत दोन शब्द आहेत. आपोआप झालेली ती गुहा आणि कोरलेले ते लेणे. लेणे हा शब्द दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृत शिलालेखांतही ‘लेण’ असाच सापडतो. आपल्या बायाबापड्या अंगावरच्या दागिन्यालाही लेणेच म्हणतात. डोंगराचा दागिना म्हणा हवे तर, पण घडवणारा सोनार कोण, हे विचारायला विसरू नका.

आता आपल्या मंडळींना जवळचे लेणे म्हणजे अजिंठा. बुलढाण्याहून निघालेली सडक अजिंठा गावाला जाऊन मिळते, तिथून घाट उतरला की फर्दापूर. जो डोंगर आमच्या जिल्ह्याच्या मधून जातो त्याचे नावच अजिंठ्याचा डोंगर. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. त्यामुळे वऱ्हाडातल्या माणसाला वाटते, आपण परमुलखात आलो. तसे नाही. अजिंठ्याच्या उत्तरकालीन वैभवाचा काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा, वाकाटक राजा हरिषेणाचा. आणि त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आमच्या शेजारचे वाशिम. वाकाटकांची ही वाशिम शाखा स्वतंत्र होती हे १९३९ साली वाशिमलाच सापडलेल्या ताम्रपटामुळे पक्के झाले, आणि नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो सगळा इतिहास लावून दाखवला. मिराशींचे लेखन आम्ही नगर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले आणि मग अजिंठ्याला गेलो. हा क्रम चांगला. आधी पाहून मग वाचणाऱ्याला पुन्हा एकदा जावे लागते.

फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी ठेवावी लागते. पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जायचे. गाड्यांच्या धुराने चित्रे काळवंडू नयेत म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. बसमधून उतरलात की पायऱ्या. तिथे डोलीवाले उभे असतात. खुर्चीला दोन दांडे आणि चार माणसे. ज्याला चढवत नाही अशा वडीलधाऱ्याने डोलीत जरूर बसावे, त्यात लाज नाही. लाज वाटावी ती तिथे घासाघीस करणाऱ्या धडधाकट माणसाची. एका माणसाला चौघांनी त्या पायऱ्यांवरून चढवून लेण्यालेण्यांपुढून फिरवून आणायचे, याला किती श्रम पडतात ते ज्याने पोते पाठीवर घेतले आहे तोच सांगेल.

वर गेले की वाघोरा नदीचे वळण दिसते. घोड्याच्या नालासारख्या त्या वळणावरच्या उभ्या कड्यात तीस लेणी ओळीने आहेत. क्रमांक कालानुसार नाहीत, वाटेने जसजशी लागतात तसतसे टाकलेले आहेत. मधली नववे, दहावे, बारावे ही लेणी सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वीच्या काळातली. दोन्ही टोकांची बहुतेक त्यानंतर पाचशे वर्षांनी कोरलेली.

गाईड घ्यावा. काही जण म्हणतात, पाट्या आहेत, पुस्तके आहेत, गाईडला पैसे कशाला? आमचे मत उलट आहे. अंधारात कुठे पाहायचे हे सांगणारा माणूस लागतोच. चांगला गाईड एकाच भिंतीवरून तुमची नजर बोट धरल्यासारखी फिरवतो आणि डागाडागांतून जातकाची कथा उभी करतो. आम्हांला भेटलेला गाईड तरुण होता, बोलणे गोड, पाठांतर पक्के. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, सतराव्यातल्या जातककथा, सव्विसाव्यातली वीस फुटांहून लांब अशी बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची मूर्ती, सगळे त्याने मन लावून दाखवले. सोळावे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने करविले, सतरावे एका मांडलिक राजाने, सव्विसावे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने. हे शिलालेखांतूनच कळते आणि त्याने ते बरोबर सांगितले. पण ‘करविले’ आणि ‘केले’ यांत फरक आहे. तो फरक व्याकरणातही आहे आणि मजुरीच्या वहीतही आहे.

दहाव्या लेण्यात तो आम्हांला एका खांबापाशी घेऊन गेला. तिथे जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी आपले नाव कोरून ठेवले आहे. शिकारीला आलेल्या त्या साहेबाला झाडीतून दहाव्या लेण्याची कमान दिसली, आणि एका गुराख्याच्या पोराने त्याला वाट दाखवली, असे सांगतात. नाव आज आपल्या डोक्याच्या वर दिसते, कारण त्या वेळी लेण्यात माती-दगडांचा ढीग साचलेला होता आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. रंगवलेल्या खांबावर चाकूने नाव खरडणाऱ्याचे नाव दोनशे वर्षे राहिले. वाट दाखवणारा पोरगा, म्हणजे अजिंठ्याचा पहिला गाईडच म्हणायचा, त्याचे नाव राहिले नाही. याच लेण्याच्या दर्शनी भागावर ‘वासिठीपुत कटहादी’ या दात्याचे नाव आहे. बाराव्यात घनामदड या वाण्याचे आहे. दात्यांची नावे ठेवण्याची रीत चांगलीच. पण टाकी कोणाची होती?

आम्ही गाईडला म्हटले, आम्हांला चोविसावे दाखवा. तो म्हणाला, ‘दादा, ते अपुरं आहे. त्यात बघण्यासारखं काय?’ आम्ही म्हटले, अपुरे आहे म्हणूनच. तो भला माणूस, हसला आणि आला.

ज्याला लेणे कसे कोरतात हे समजून घ्यायचे असेल त्याने पहिल्या लेण्यात जितका वेळ घालवला त्याच्या निम्मा तरी चोविसाव्यात घालवावा. हे चौथ्याच्या खालोखाल मोठे व्हायचे होते. ते मधेच थांबले, म्हणून कामाच्या सगळ्या पायऱ्या तिथे जागच्या जागी राहिल्या आहेत. कड्यातून आत लांबच लांब चर पाडलेले दिसतात. दोन चरांच्या मधे दगडाच्या भिंती उभ्या ठेवलेल्या आहेत. आधी टाकीने चर पाडायचा, मग मधली भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी झाली की ती फोडून काढायची. सगळा दगड कणाकणाने झिजवण्यापेक्षा यात पुष्कळ श्रम वाचतात. जिथे खांब यायचा तिथे ठोकळा सोडून द्यायचा.

आमच्या मंडळीत खडीकामावर हाडे झिजवलेले एक वयस्क वडार गृहस्थ होते. पहिल्या लेण्यात ते मुकाट्याने हात जोडून उभे राहिले होते. इथे मात्र त्यांच्या अंगात उत्साह आला. भिंतीवरून तळहात फिरवीत ते म्हणाले, ‘हे वरून उतरले, भाऊ. खालतून छत कोन तोडन? डोक्शावर पडन ना!’ त्यांचे म्हणणे शास्त्रज्ञांच्या म्हणण्याशी तंतोतंत जुळते. लेण्याचे काम छताकडून खाली येते. प्रथम वरच्या बाजूने आत शिरायचे, छत पुरे करून घ्यायचे, आणि पायाखालची जमीन फोडत फोडत खाली उतरायचे. त्यामुळे परातीची, बांबूंची, माच्यांची गरज लागत नाही. ज्या दगडावर उभे राहायचे तोच उद्याचा काढायचा दगड. घर बांधणारा पायापासून चढतो, लेणे कोरणारा छतापासून उतरतो. आणि घरात चुकलेली वीट काढता येते, इथे चुकून उडालेला टवका परत बसत नाही.

त्या गृहस्थांनी टाकीच्या खुणाही वाचून दाखवल्या. टोकदार टाकीचे खोल, लांब ओरखडे म्हणजे पहिला हात, नुसता माल काढणाऱ्याचा. जवळजवळ, सारख्या अंतराचे बारीक घाव म्हणजे दुसरा हात, सपाट करणाऱ्याचा. पुढे ओसरीच्या पडलेल्या खांबांचे तुकडे होते, त्यांवरचे नक्षीकाम मात्र पुरे झालेले. आत खोली अजून फोडायची आहे आणि बाहेर नक्षी झालेली आहे! याचा अर्थ असा की एकाच लेण्यात एकाच वेळी निरनिराळ्या कसबाची टोळकी काम करीत होती. फोडणारे आत, घडवणारे बाहेर. आजच्या भाषेत त्याला कामाची विभागणी म्हणतात.

चौथ्या लेण्यात दुसरी गोष्ट शिकायला मिळते. तिथे छतावर लाव्हा वाहत गेल्याच्या खुणा तशाच दिसतात. दगड सगळीकडे एकसारखा नसतो. एखादा थर भेगाळलेला निघतो, एखाद्यात पाणी झिरपते, एखादा पापुद्र्यासारखा सुटतो. आत शिरण्याआधी डोंगराच्या पोटात काय आहे ते कळत नाही. ते टाकीच्या आवाजावरून ओळखणारा मिस्त्री त्या काळीही असला पाहिजे. आजही दगडावर हातोडी मारून ‘हा बोलका, हा मुका’ असे सांगणारी माणसे आमच्या ओळखीत आहेत.

आता दगड किती निघाला, त्याचा हिशेब करू. दहावे लेणे सुमारे ९५ फूट लांब, ४१ फूट रुंद आणि मध्यभागी ३६ फूट उंच. गुणाकार केला तर एक लाख चाळीस हजार घनफूट होतात. कमानीचे छत, बाजूच्या ठेंगण्या ओसऱ्या, खांब आणि स्तूप यांचे वजा करा. ढोबळ मानाने एक लाख घनफूट धरू. काळ्या पाषाणाचा एक घनफूट सुमारे ऐंशी किलो भरतो. म्हणजे आठ हजार टन दगड. दहा टनांचा ट्रक धरला तर आठशे ट्रक. हे एका लेण्याचे झाले. सुरुंग नाही, कॉम्प्रेसर नाही. लोखंडाची टाकी, हातोडा, घण, आणि टोक बोथट झाले की ते पुन्हा पाजवून देणारा लोहार. फोडणाऱ्यांच्या बरोबरीने लोहाराचा भाता रोज पेटलेला असला पाहिजे, नाहीतर दुपारपर्यंत काम बंद. शिवाय डबर पाट्यांतून उचलून बाहेर नेणारी माणसे. ती वाघोऱ्याच्या घळीत टाकली असणार. पावसाळ्यात नदीने पुढचे काम केले. खाणीवरच्या माणसाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

मग चोविसावे थांबले का? अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी जवळजवळ सारे आयुष्य अजिंठ्याच्या अभ्यासात घातले. ते २०१९ साली वारले. त्यांच्या मते उत्तरकालीन लेण्यांचे काम हरिषेणाच्या कारकिर्दीत, सुमारे ४६० ते ४८० या अवघ्या वीसेक वर्षांत झाले आणि राजा गेल्यावर दात्यांची धांदल उडून ते कोलमडले. सर्व पंडितांना हा वीस वर्षांचा हिशेब मान्य नाही. आम्ही पंडित नव्हे. पण बंद पडलेली जिने आम्ही आतून पाहिली आहेत. गठाण अर्धी बांधलेली, तराजूवर पारडे तसेच, खुंटीवर कोणाचा तरी सदरा. चोविसाव्यात आम्हांला ती कळा ओळखीची वाटली. काम संपले म्हणून माणसे गेलेली नाहीत, देणारा हात आखडला म्हणून गेली आहेत.

चित्रांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, आम्ही थोडक्यात आटोपतो. खडबडीत दगडावर माती, दगडाची भुकटी, भाताचे तूस आणि झाडपाल्याचे तंतू कालवून गिलावा दिलेला आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. तांबडा आणि पिवळा रंग गेरूचा, काळा काजळीचा, हिरवा दगडातल्या हिरव्या मातीचा. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, आणि तो अफगाणिस्तानाकडून येई. म्हणजे त्या भिंतीवर दूरदेशीच्या खाणकामगाराचाही हात आहे.

आता नावांकडे येऊ. अजिंठ्याच्या दगड फोडणाऱ्यांची नावे आपल्या हाती नाहीत. पण महाराष्ट्रातली सगळीच लेणी इतकी मुकी नाहीत. कन्नडजवळ पितळखोऱ्याला एक ठेंगणा, हसऱ्या तोंडाचा यक्ष सापडला, तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या तळहातावर लिहिले आहे की तो कान्हदास नावाच्या सोनाराने केला. सोनाराने दगडात! कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यात एका मूर्तीपाशी लेख आहे की हे कान्हाचा शिष्य बालक याने केले. इथे कारागिराचे नाव आहे आणि त्याच्या गुरूचेही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराचे काम वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने केल्याचा लेख आहे. सुताराने दगडाचे दार करावे यात नवल नाही, कारण ही जुनी चैत्यगृहे लाकडी इमारतींच्या धर्तीवरच कोरलेली आहेत. कार्ल्याच्या छताला तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या अजून आहेत. मुंबईत कान्हेरीच्या मोठ्या चैत्यातला लेख याहून पुढे जातो. त्यात देणाऱ्यांबरोबर कामावरची माणसे येतात. शेलवढकी म्हणजे दगडाचे सुतार. मिठिक म्हणजे घोटून गुळगुळीत करणारा. चोविसाव्यात आम्ही हातांचे जे थर पाहिले त्यांपैकी काहींची नावे कान्हेरीला आहेत. आमच्या दृष्टीने ही महाराष्ट्रातली फार जुनी हजेरीवही होय.

नाशिकच्या पांडवलेण्यांतला एक लेखही कामगारांनी जरूर ऐकावा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती त्याने सावकाराकडे ठेवली नाही. ती गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा, हिशेब चोख बसतो. राजाच्या जावयाला विणकरांच्या संघटनेचा एवढा भरवसा वाटत होता की त्याने मुद्दल कायमचे तिच्या हवाली केले. आमच्यातले काही उत्साही मित्र हे वाचून म्हणतात, पाहा, त्या काळीही युनियन होती. आम्ही त्यांना आवरतो. श्रेणी म्हणजे युनियन नव्हे. तिच्यात माग असलेला धनी होता आणि त्याच्या हाताखालचा माणूसही होता, आणि वाटणी कशी होई ते लेखात नाही. तरीही हाताचे काम करणाऱ्यांची पत राजदरबारात होती, आणि ती दगडावर कोरून ठेवावी असे कोणाला तरी वाटले, एवढे त्यातून निश्चित दिसते.

अजिंठ्याला या सर्वांपेक्षा मोठा धोका आज कोणाकडून असेल, तर तो तुमच्याआमच्याकडून. गिलावा मातीचा आहे. पाणी झिरपले की तो सुटतो, किडे त्यातले तूस आणि तंतू खातात, वटवाघळांची घाण त्याला खाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की वेरूळच्या बाराव्या लेण्यातल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते आणि किडीपासून तो अधिक टिकला. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नव्हते. रक्षण करायला आलेल्यांनीही इजा केली. एकोणिसाव्या शतकात चित्रे स्पष्ट दिसावीत आणि त्यांच्या नकला करता याव्यात म्हणून त्यांवर व्हार्निश फासले गेले, पुढेही लाखेचे हात दिले गेले, आणि तो थर पिवळा-तपकिरी पडून रंगच झाकले गेले. नकलांचे नशीबही तसेच. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे बसून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या नकलांपैकीही पुष्कळ लंडनलाच आगीत गेल्या. गिल भुसावळला पुरलेले आहेत.

यात माणसाच्या श्वासाची भर पडते. बंद दालनात पन्नास माणसे शिरली की हवा दमट आणि गरम होते, कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो, भिंतीला घाम सुटतो. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा १९४० साली सापडली. तिच्यात सतरा हजार वर्षांपूर्वीची जनावरांची चित्रे आहेत. रोज शेकड्यांनी लोक येऊ लागले, भिंतींवर हिरवे शेवाळ चढले आणि १९६३ साली ती लोकांना बंद करावी लागली. पुढे १९८३ साली शेजारी तिची हुबेहूब प्रतिकृती उघडली. आपल्याकडेही फर्दापूरजवळ २०१३ साली चार लेण्यांच्या प्रतिकृती उभारण्यात आल्या. अशी घरे उभारणे एक आणि ती रोज चालवणे दुसरे, हे ज्याने एखादे वाचनालय चालवले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी थोडीच माणसे सोडतात आणि पहारेकरी ‘चला, पुढे चला’ म्हणतो, तेव्हा रागावू नये. तो दिवसभर त्याच दमट अंधारात उभा असतो, तुम्ही पंधरा मिनिटे. फ्लॅश मारू नका म्हणून तो शंभरदा सांगतो आणि शंभरदा कोणीतरी मारतो.

लेणी सोमवारी बंद असतात. चित्रांची गर्दीची लेणी सकाळी लवकर पाहून घ्यावीत. बहुतेकांचे पाय सतराव्यापाशी थकतात आणि मग सव्विसाव्याकडे धाव घेऊन परतीच्या बसची घाई होते. चोविसावे त्या धावेतच मागे पडते. जाताना घरची बॅटरी नेऊ नये, आतले दिवे पुरे आहेत. अंधाराला डोळे सरावेपर्यंत दाराशी दोन मिनिटे थांबावे. आणि बरोबर दगडकामाचा एखादा जाणकार न्यावा. आमच्या जिल्ह्यात असे लोक पुष्कळ आहेत, त्यांना कोणी लेणी पाहायला नेत नाही. परतताना बसमध्ये आमचा गाईड त्या वडार गृहस्थांच्या शेजारी येऊन बसला आणि चरांच्या भिंती कोणत्या बाजूने आधी फोडायच्या हे त्यांना विचारू लागला. तिठा येईपर्यंत त्यांचे बोलणे चालले होते. आम्हांला मधे बोलायला सवडच मिळाली नाही.